पोरक्या पोराचा हिशेब



या व्यासपीठावरून मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. मी विद्वान नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली, आणि पुढे जे काही वाचले ते पाळी संपल्यावर युनियनच्या कचेरीत बसून. त्यामुळे चिटणिसांचे निमंत्रण आले तेव्हा मी कामगार कायद्यावर बोलेन अशीच त्यांची समजूत होती. मी विषय कळवला तो हा. त्यावर त्यांनी मोठ्या सौजन्याने विचारले, की हा विषय एखाद्या समाजसेविकेला अधिक शोभणार नाही का? मी कळवले की यात हिशेब आहे, आणि हिशेब मागणे हा गेली तीस वर्षे माझा धंदा आहे.

अनाथ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आश्रम उभा राहतो. दिवाळीत आपण तेथे फराळाचे डबे पोचवतो आणि समाधानाने घरी येतो. त्या मुलांविषयी आज मला बोलायचे नाही. आपल्याकडे आईबाप गेलेली बहुतेक मुले आश्रमात जात नाहीत; काकाकडे, मामाकडे, आजीकडे वाढतात. ही आपल्या समाजाला भूषणावह गोष्ट आहे, आणि ती मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे बोलणार आहे ते या घरांविषयीच आहे. ज्या घराने पोराला दार उघडले, त्याच घरात त्याच्यासाठी एक शब्द तयार असतो : पांढऱ्या पायाचा. "जन्मला आणि बापाला खाल्लं." "आली तशी आईला घेऊन गेली." हे शब्द रागाच्या भरातच बोलले जातात असे नाही. नव्या पाहुण्याला घरातल्या माणसांची ओळख करून देताना, जशी इतर माहिती द्यावी तशी ही माहितीही हलक्या आवाजात दिली जाते, आणि पोर तेथेच पाणी देत उभे असते.

मग त्या शब्दामागून साऱ्या गोष्टी येतात. मामा कामाला निघाला की पोराने समोर यायचे नाही. नव्या सुनेची ओटी भरताना पोरकी मुलगी जवळ नको. करवली निवडायची तर जिचे आईबाप दोन्ही हयात आहेत अशी. घरात म्हैस आटली, कोणाची नोकरी गेली, विहिरीला पाणी लागले नाही, तरी सगळ्यांची नजर एकाच कोपऱ्याकडे वळते. यात मारहाण नसेल, उपासमार नसेल. म्हणूनच ते बाहेर दिसत नाही.

मला ते दिसले, कारण ते आमच्या घरात होते.

१९७९ साली माझा आतेभाऊ आमच्याकडे आला. तो सहा वर्षांचा, मी आठ. आत्या दुसऱ्या बाळंतपणात गेली, आणि वर्षाच्या आत तिचा नवरा क्षयाने गेला. तो गिरणीत होता. माझ्या वडिलांनी पोराला हाताला धरून आणले. माझी आई वाईट बाई नव्हती. तिने त्याला शिळे वाढले आणि मला ताजे, असे कधी झाले नाही. अंथरूणही आमचे एकच. पण घरात त्याला नावाने कोणी हाक मारीत नसे. त्याचे नाव शाळेच्या दाखल्यावर होते, आणि घरात तो "पोरका" होता. "पोरक्याला म्हणावं, पाणी भर." हाक म्हणून ती आम्हा सर्वांच्या तोंडी इतकी बसली होती की त्यात काही आहे असे मलाही वाटत नसे.

१९८४ साली माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न ठरले. गल्लीतच मांडव होता. आंब्याचे डहाळे आणून तोरण त्यानेच बांधले, पाण्याची पिंपे त्यानेच भरली. लग्नाच्या दिवशी सकाळी वराकडच्या एका म्हाताऱ्या बाईने विचारले, हा कोणाचा? थोड्या वेळाने आईने मला बाजूला घेतले. "त्याला म्हणावं, अक्षता पडेस्तोवर मांडवात येऊ नको. मागं भांड्यांपाशी बस." तिने स्वतः सांगितले नाही, मला पाठवले; तेवढी लाज तिलाही होती. मी तेरा वर्षांचा. मी गेलो आणि सांगितले. तो रडला नाही, की का म्हणून विचारले नाही. त्याने एवढेच विचारले, "किती वाजेपर्यंत?"

सभागृहात बसलेल्यांपैकी काहीजण मनात म्हणत असतील, की ही जुनी गोष्ट झाली. तर मग या समजुतीची थोडी तपासणी करू.

ती मुख्यतः दोन पायांवर उभी आहे. एक पायगुण, दुसरा नक्षत्र. मूळ नक्षत्राच्या पहिल्या चरणावर जन्म झाला तर बापाला वाईट, दुसऱ्यावर आईला, तिसऱ्यावर द्रव्यनाश, आणि चौथा मात्र शुभ, असे सांगतात. आश्लेषाचे उलट्या क्रमाने. मी ज्योतिषी नाही, पण मला भागाकार येतो. नक्षत्रे सत्तावीस, चंद्र ती साधारण सत्तावीस दिवसांत फिरतो, म्हणजे दर महिन्यात सुमारे एक दिवस मूळ नक्षत्राचा. या देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक मुले जन्माला येतात. त्यांतली एक सत्तावीसांश, म्हणजे सात लाखांहून अधिक मुले मुळावर जन्मतात, आणि त्यांच्यापैकी पाव भाग पहिल्या चरणावर. जवळजवळ दोन लाख बाप दर वर्षी केवळ या एका कारणाने धोक्यात येतात! आमच्याकडे मृत कामगारांच्या फायली आहेत. त्यांत मृत्यूचे कारण लिहावे लागते. कोणी यंत्रात सापडला, कोणाच्या फुप्फुसात कापसाची धूळ गेली, कोणी रात्रपाळीहून सायकलवर येताना ट्रकखाली आला, आणि खोटे कशाला बोलू, बरेचसे दारूने गेले. त्या रकान्यात "मूळ नक्षत्र" असे कोणा डॉक्टरने लिहिलेले मी अजून वाचलेले नाही.

आता पायगुण. आईला खाणारे पोर म्हणजे कोणते? बहुतेक वेळा ज्याच्या बाळंतपणात आई गेली ते. नमुना नोंदणीचे सरकारी आकडे पहा. २०१४ ते २०१६ या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ६१ माता दगावत होत्या. २०१८ ते २०२० या काळात हा आकडा ३३ वर आला. जवळजवळ निम्मा. या चार वर्षांत महाराष्ट्रातल्या पोरांचा पायगुण निम्म्याने सुधारला काय? दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बायका वाढल्या, गाडी वेळेवर येऊ लागली, रक्ताची पिशवी मिळू लागली. माझी आत्या रक्तस्रावाने गेली. रात्री दोनला कळा सुरू झाल्या आणि पहाटे पाचपर्यंत वाहन मिळाले नाही. ही हकीकत आमच्या घरात सर्वांना पाठ होती. हीच हकीकत सांगताना शेवटी आई म्हणायची, "पोराचं नशीबच तसं." वाहनाचा दोष सांगून झाल्यावरही निकाल पोरावरच!

हे असे का होते, याचा मी पुष्कळ विचार केला. त्याचे एक उत्तर माणुसकीचे आहे. मृत्यूला कारण हवे असते. तरणाताठा माणूस अकस्मात गेला तर मागे राहिलेल्यांना कोणावर तरी रागावल्याशिवाय श्वास घेता येत नाही. मालकावर रागावण्याची सोय नाही, डॉक्टरवर हिंमत होत नाही, देवावर रागावणे पाप. जे सर्वात जवळ आहे आणि उलट बोलणार नाही, त्याच्यावर तो राग उतरतो. आजी आपल्या गेलेल्या लेकीसाठी रडता रडता नातीला "तू खाल्लीस" म्हणते, तेव्हा मला त्या म्हातारीला अपराधी ठरवता येत नाही.

पण एवढ्याने सगळे उलगडत नाही. दुःख वर्षा-दोन वर्षांत निवते, मग शब्द दहा-पंधरा वर्षे का टिकतो? त्याचे उत्तर मला १९९८ साली मिळाले.

त्या वर्षी वडील वारले. त्यांची पत्र्याची पेटी उघडली. वडिलांना हिशेब लिहून ठेवण्याची सवय. एका वहीत १९८० सालचे पान होते. माझ्या आत्याच्या यजमानांच्या भविष्यनिर्वाह निधीचे आणि गिरणीकडून मिळालेल्या इतर देण्याचे पैसे आले, ती रक्कम, आणि तिच्याखाली वडिलांच्या अक्षरात : विटा, सिमेंट, पत्रे, गवंडी. आमच्या घराची मागची खोली त्या पैशांतून बांधलेली होती. ती खोली आम्ही भाड्याने देत असू. भाडे महिना चाळीस रुपये. ते मला पाठ होते, कारण ते आणायला मीच जात असे. आतेभाऊ आमच्याकडे अकरा वर्षे राहिला. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चाळीस गुणिले बारा गुणिले अकरा, पाच हजार दोनशे ऐंशी. खोली वेगळी. एका पोराचे त्या काळचे खाणेपिणे, वह्यापुस्तके, वर्षाचे दोन सदरे, सारे मांडले तरी त्यात बसत होते.

म्हणजे हे पोर अकरा वर्षे आपल्या बापाचे खात होते, आणि ते आमचे खाते असे आम्ही त्याला अकरा वर्षे सांगत होतो.

मी आईला वही दाखवली. ती म्हणाली, "आणि माझे कष्ट कुठल्या वहीत लिहिलेत? गोवर आला तेव्हा नऊ रात्री कोण बसलं होतं त्याच्या उशाशी?" तेही खरे होते. तिने कोणालाही लुबाडले नव्हते. वडिलांनीही नाही, ज्याला लुबाडायचे असते तो वही लिहून ठेवीत नाही. दोघांनाही वाटत होते की आपण एका करंट्या पोराला पोसतो आहोत. "पांढऱ्या पायाचा" या शब्दाचे खरे काम मला तेव्हा समजले. हा शब्द धनकोचा ऋणको करतो. ज्या पोराचे घरावर घेणे आहे, त्यालाच तो घराचे देणेकरी ठरवतो. ज्याने बापाला खाल्ले, त्याने बापाच्या पैशाची आठवण कोणत्या तोंडाने काढावी?

आम्ही कामगारांत काम करणारे लोक ही युक्ती चांगली ओळखतो. बोनस हक्काचा असला तरी मालक तो दिवाळीची बक्षिसी म्हणून देतो, आणि घेणाऱ्याने वाकून घ्यावा अशी अपेक्षा ठेवतो. हक्काला उपकार म्हटले की मागण्याची सोयच उरत नाही. मालकाची ही लबाडी मी शेकडो सभांत सांगितली होती. आपल्याच घरात ती चालली होती, हे मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, बापाच्या माघारी कळले.

येथे नारायण सुर्व्यांची आठवण केल्याखेरीज मला पुढे जाता येत नाही. १९२६ च्या सुमारास मुंबईत उघड्यावर सापडलेले ते मूल. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने ते उचलले, काशीबाईंच्या ओटीत घातले आणि आपले नाव दिले. पुढे त्या मुलाने गिरणीत काम केले, शाळेत शिपाईगिरी केली, मग शिक्षक झाला. १९६२ साली पहिला कवितासंग्रह, १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, १९९८ साली पद्मश्री. हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. मला त्यातली एक निराळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या मुलाची जन्मवेळ कोणालाच माहीत नव्हती. कोणते नक्षत्र, कोणते चरण, पायगुण कसा, हे विचारण्याची सोयच नव्हती. आणि ज्या घरी ते गेले तेथे त्याच्या नावावर फंडही नव्हता, जमीनही नव्हती. देण्याघेण्याचा संबंधच नाही, म्हणून कोणता शब्दही लावावा लागला नाही. मला वाटते, अगदीच परके पोर उचलणाऱ्याला कधीकधी प्रेम करणे सोपे जाते. सख्ख्याचे पोर सांभाळताना मध्ये वाटणी येते.

संतांच्या घरचे उदाहरणही आपल्यापुढे आहेच. परंपरा सांगते की विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावर ती चार भावंडे संन्याशाची पोरे म्हणून दारोदार हिणवली गेली. आळंदीला आपण दर कार्तिकीला जातो. घरी येऊन पुतण्याला पांढऱ्या पायाचा म्हणतो. जोतीराव फुले तान्हे असतानाच त्यांची आई गेली, आणि सगुणाबाई क्षीरसागरांनी त्यांना वाढवले. सगुणाबाईंनी त्या तान्ह्याला आईला खाल्लेला ठरवून दूर ठेवले असते, तर १८४८ साली मुलींची शाळा काढायला पुण्यात कोण उरले असते, कोण जाणे.

आता थोडे कायद्याचे, कारण चिटणिसांची तेवढी अपेक्षा पुरी केली पाहिजे.

आपल्या राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला होता. एखादी व्यक्ती इतरांवर अरिष्ट आणते असा आरोप करून तिचे जगणे कठीण करणे, हेही त्या कायद्याच्या अनुसूचीत बसते. चांगले आहे. पण आठ वर्षांचे पोर मामीविरुद्ध पोलीस ठाण्यात जाईल कसे, आणि गेले तर रात्री जेवायला परत कोठे येईल? या बाबतीत फौजदारी कायद्यावर माझा फारसा भरवसा नाही. माझा भरवसा पैशाच्या कायद्यावर आहे.

कामावर अपघाताने मरण आले तर भरपाईची रक्कम मालकाने परस्पर नातेवाइकांच्या हाती न देता आयुक्तांकडे जमा करावी, आणि अज्ञानाचा वाटा त्याच्या हितासाठी गुंतवता यावा, हे १९२३ च्या कायद्याने ठरवले. शंभर वर्षांपूर्वी कोणा शहाण्याने नातेवाइकांना बरोबर ओळखले होते! भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत आईबाप दोन्ही गेलेल्या मुलासाठी वेगळे अनाथ वेतन आहे : विधवा वेतनाच्या पाऊणपट, एका वेळी दोन मुलांना, पंचविसाव्या वर्षापर्यंत. २०१४ पासून ते दरमहा किमान ७५० रुपये झाले. रक्कम हास्यास्पद आहे हे मी मान्य करतो, त्यासाठी आमचे भांडण चालूच आहे. पण ती पोराच्या नावाने येते. राज्याची बालसंगोपन योजना आहे. नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलासाठीही ती मिळू शकते, आणि २०२३ मध्ये तिची रक्कम महिना २,२५० रुपये झाली. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे, केवळ सांभाळतो म्हणून कोणा चुलत्याला अज्ञान पुतण्याची मालमत्ता विकता येत नाही.

२०२१ मध्ये कोरोनाने आईबाप दोन्ही नेले अशा मुलांसाठी राज्याने पाच लाखांची ठेव आणि केंद्राने तेविसाव्या वर्षी मिळणारे दहा लाख जाहीर केले. त्या उन्हाळ्यात मी एक चमत्कार पाहिला. आमच्या एका सभासदाची दोन मुले. मे महिन्यात दोन्हीकडची मंडळी एकमेकांकडे बोट दाखवीत होती, "आमच्या घरात लहान पोरं आहेत, यांचा पायगुण..." असे माझ्यादेखत बोलले गेले. जुलैत त्याच मंडळींचे मुलांच्या ताब्यासाठी भांडण लागले, आणि पायगुणाचा शब्दही निघाला नाही. पाय तेच होते. मुले शेवटी आजीकडे राहिली, ठेव त्यांच्या नावाने आहे, आणि धाकटीला आजही रात्री दिवा लागतो.

आमच्या कचेरीने काही वर्षांपासून एक रीत पाडली आहे. सभासद गेला आणि मागे लहान मुले असली, तर तेराव्याला आमच्यापैकी दोघे जातात. जेवणे झाली, नातेवाईक सारे बसलेले असले, की कागद काढून मोठ्याने वाचतात : फंड इतका, विमा इतका, वेतन इतके, आणि हे या मुलाचे. मुलाचे पूर्ण नाव घेऊन. काही घरांत आमच्यावर ओरडतात, दुःखाच्या दिवशी पैशाची भाषा करता म्हणून. ओरडू देतो. एकदा एका काकाने मला हाताला धरून बाहेर काढले. पण त्याच घरची आजी दुसऱ्या दिवशी कचेरीत आली आणि म्हणाली, "तो कागद पुन्हा एकदा वाचून दावा." तिला अक्षरओळख नव्हती. मी तीन वेळा वाचला.

आतेभावाचे सांगायचे राहिले. तो सतराव्या वर्षी भिवंडीला गेला आणि तेथे मागावर जॉबर झाला. वही घेऊन मी १९९९ साली त्याच्याकडे गेलो. त्याने पान दोनदा वाचले. पैशांविषयी काही बोलला नाही. "मामानं लिहून ठेवलं होतं?" एवढेच पुन्हा पुन्हा विचारीत होता. पुढे आईच्या संमतीने ती खोली आम्ही त्याच्या नावे करून दिली. पाच वर्षे लागली; आई सहजासहजी तयार झाली असे नाही, आणि मीही रोज विषय काढीत होतो असे नाही.

२०१९ साली माझ्या मुलीचे लग्न झाले. मी स्वतः भिवंडीला जाऊन त्याला आणि वहिनींना आमंत्रण दिले. मुहूर्त बारा वाजून अठरा मिनिटांचा होता. वहिनी आणि मुले दहालाच आली. तो दिसेना. फोन केला तर म्हणाला, पोचतोच आहे. साडेबाराला तो कार्यालयात आला, अंगात नवा सदरा, हातात आहेर. नंतर वहिनींनी सांगितले की तोही दहालाच आला होता, आणि अक्षता पडेपर्यंत समोरच्या चहाच्या दुकानात बसून राहिला.

मृत सभासदाच्या मुलांना कोणकोणते अर्ज करावे लागतात, त्याची एक यादी आम्ही छापली आहे. शंभर प्रती बरोबर आणल्या आहेत, दाराशी टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी असे मूल असेल त्यांनी न्याव्यात. शेजारच्या घरी असेल त्यांनीही न्याव्यात.